नांदेड-लातूरच्या वर्गांतील इंग्रजी क्रियाविशेषणे

नांदेड आणि लातूर 1948पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे शिक्षणात उर्दूचे वर्चस्व होते. 1918मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच, मात्र इंग्रजी विषय सक्तीचा. मुंबई इलाख्यात दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836मध्येच इंग्रजी धर्तीवर मराठी व्याकरण लिहिले होते. संस्थानाच्या मुक्तीनंतर मराठी माध्यम रुजले आणि तर्खडकरांच्या व्याकरणाची परिभाषा मराठवाड्यातील इंग्रजीच्या तासाला कामी आली.

या परिभाषेत इंग्रजी क्रियाविशेषणांचे मुख्य वर्ग असे: ‘हिअर’ स्थलवाचक, ‘यस्टर्डे’ कालवाचक, ‘स्लोली’ रीतिवाचक, ‘व्हेरी’ परिमाणवाचक, ‘ऑफन’ वारंवारतादर्शक. पहिले चार मराठी विद्यार्थ्याला ओळखीचे असतात. अडचण येते ती जागेची. ‘तो अनेकदा उशिरा येतो’ हे ‘तो उशिरा येतो अनेकदा’ असेही बोलण्यात चालते. इंग्रजीत मात्र ‘ऑफन’ सहसा मुख्य क्रियापदाआधी येते, जसे ‘ही ऑफन कम्स लेट’. ‘इज’ हे मुख्य क्रियापद असल्यास त्यानंतर, जसे ‘ही इज ऑफन लेट’. शिवाय मराठीत ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ असा लिंगानुसार बदल होतो. इंग्रजी ‘वेल’ दोन्हीकडे तसेच राहते.

2000पासून नांदेड-लातूरसह महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाऊ लागले.