ब्रेकमधून खरखर येऊ लागली तर...

पावसाळ्यात सोसायटीच्या आवारात रात्रभर उभ्या असलेल्या मोटारी सकाळी निघताना चाकांतून खरखर आवाज करतात. पहिल्या चार-पाच ब्रेकनंतर हा आवाज नाहीसा झाला, तर चिंतेचे कारण नाही. ब्रेकची डिस्क बिडाची असते. ओल्या हवेत तिच्यावर एका रात्रीत गंजाचा पातळ थर चढतो आणि पॅड घासताच तो निघून जातो. मात्र दोन-तीन चौक ओलांडल्यावरही प्रत्येक ब्रेकसरशी तीच खरखर ऐकू येत असेल आणि पेडलवर ठेवलेल्या पायालाही ती जाणवत असेल, तर मोटार पुन्हा जागेवर आणून उभी करणेच शहाणपणाचे.

आवाजांतला फरक ओळखणे ही निदानाची पहिली पायरी आहे. बारीक, कानाला टोचणारा चिरका आवाज ही बहुतेक वेळा पूर्वसूचना असते. अनेक पॅडना पोलादाची एक छोटी पट्टी जोडलेली असते. पॅडचे अस्तर झिजून साधारण दोन-तीन मिलिमीटर उरले, की ही पट्टी डिस्कला टेकते आणि किंचाळू लागते. काचा बंद, एसी आणि गाणी सुरू अशा स्थितीत ही सूचना सहज निसटते. त्यानंतर अस्तर पुरते संपते, पॅडची पोलादी पाठ थेट डिस्कवर घासू लागते आणि जाडी, धातूवर धातू घासल्याची घरघर सुरू होते. तोवर केवळ पॅडवर भागणारे काम डिस्कपर्यंत पोहोचलेले असते. खर्चाहून मोठा धोका म्हणजे अशा ब्रेकवर मोटार थांबायला अधिक अंतर लागते. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या उतारावर, सतत ब्रेक दाबून चाके तापलेली असताना, हे अंतर आणखी वाढते.

ब्रेक न दाबताही आवाज येत असेल, तर कारण वेगळे असू शकते. डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यामध्ये खडीचा एखादा खडा अडकला, तरी कर्कश घासण्याचा आवाज येतो आणि खडा काढताच थांबतो. वेगाबरोबर वाढणारी आणि वळण घेताना बदलणारी घूं-घूं बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. एबीएस असलेल्या मोटारीत निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यास पेडल थरथरते आणि खडखड होते. तो दोष नव्हे, ती यंत्रणा काम करीत असल्याची खूण आहे.

घरी तपासणी करायची, तर जमीन सपाट आणि ब्रेक थंड हवेत. पुढचे चाक काढायचे असल्यास हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट मोटार उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत. मोटारीसोबत मिळणारा जॅक केवळ स्टेपनी बदलण्यासाठी असतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर चाकाशेजारी बसून काम करू नये, लोखंडी स्टँड लावावाच. चाक निघाल्यावर कॅलिपरच्या फटीतून पॅड दिसतो. बाहेरचा पॅड पाहून समाधान मानण्याची चूक सर्रास होते. कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या, तर आतला पॅड आधी संपतो. थंड डिस्कवरून नख फिरवावे. खोल चर लागले, तर डिस्कची जाडी मोजावी लागते. तिची किमान मर्यादा बहुधा डिस्कवरच कोरलेली असते.

पॅड बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. पण काम एकेका चाकाचे करावे, म्हणजे जोडणी विसरल्यास दुसरी बाजू नमुन्याला उरते. अनेक छोट्या मोटारींत कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला, की तो वर उचलता येतो. कॅलिपर पूर्ण सोडवावा लागल्यास रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधावा. जुना पॅड मध्ये धरून पिस्टन क्लॅम्पने सावकाश आत दाबावा. या वेळी बॉनेटखालच्या टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी वर येते. ते सांडू देऊ नये, रंग खराब होतो. पिना स्वच्छ करून ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. पॅड आणि डिस्कच्या घासणाऱ्या भागाला ग्रीसचा ठिपकाही लागता कामा नये. आतली काळी भुकटी फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. बोल्ट वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावेत.

यानंतर सर्वाधिक विसरले जाणारे काम. मोटार जागची हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. पिस्टन आत गेलेला असल्याने पहिला ब्रेक रिकामा जातो, आणि सोसायटीच्या फाटकाशी ते कळणे परवडणारे नाही. मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा सावकाश ब्रेक लावून पॅड बसवून घ्यावेत.

घरच्या दुरुस्तीची मर्यादा इथे संपते. पेडल मऊ लागणे, ब्रेक ऑइल गळणे, पिस्टन जाम होणे, बटणाचा हँडब्रेक असलेली मागची चाके किंवा झिजलेल्या लाइनरमुळे खरवडलेला ड्रम, ही कामे मेकॅनिकचीच. गॅरेजमध्ये काम दिल्यास काढलेले जुने पॅड मागून घ्यावेत. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच पातळ दिसला, तर पिना आणि पिस्टन तपासल्याशिवाय मोटार ताब्यात घेऊ नये. अन्यथा नवे पॅडही तसेच झिजतात.