लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरची मद्यासक्ती

वजन घटवण्यासाठी जठराचा आकार कमी केल्यानंतर किंवा अन्नमार्गाची जोडणी बदलल्यानंतर काही रुग्णांचा मद्यपानावरचा ताबा सुटत जातो आणि त्यातून जी विकारावस्था निर्माण होते, तिला शस्त्रक्रियोत्तर मद्यासक्ती म्हणतात. पूर्वी मद्याचा दुरुपयोग आणि मद्यावलंबन ही दोन निदाने वेगळी मानली जात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत ती एकत्र करून ‘मद्यपान विकार’ हे एकच निदान स्वीकारले आणि अकरा निकषांपैकी किमान दोन बारा महिन्यांच्या काळात आढळणे त्यासाठी पुरेसे ठरवले. संशोधनात मात्र बहुधा जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ ही चाचणी किंवा रुग्णालयांतील नोंदी वापरल्या जातात, त्यामुळे निरनिराळ्या अभ्यासांतील आकडे थेट शेजारी मांडता येत नाहीत.

शस्त्रक्रियेचे प्रकार : धोका समजण्यासाठी तीन प्रकारांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची एक छोटी पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, म्हणजे अन्न उरलेले जठर आणि ग्रहणी, अर्थात लहान आतड्याचा आरंभीचा भाग, यांना वगळून पुढे जाते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा बराचसा भाग काढून टाकून उरलेल्या भागाची अरुंद नळी करतात, पण जठराचे खालचे दार शाबूत राहते. गॅस्ट्रिक बँडमध्ये जठराभोवती केवळ एक पट्टा आवळला जातो आणि अन्नाचा मार्ग बदलत नाही.

शोषणातील बदल : या विषयाचा सर्वांत नीट तपासला गेलेला भाग हाच आहे. मद्यार्क जठरातून सावकाश आणि लहान आतड्यातून झपाट्याने शोषला जातो. जठराचे खालचे दार त्याला काही काळ अडवून धरते आणि जठराच्या अस्तरातील अल्कोहॉल डिहायड्रोजनेज हे विकर त्यातील थोड्या अंशाचे तेथेच विघटन करते. बायपासनंतर दारही वगळले जाते आणि अस्तराचा संपर्कही घटतो, परिणामी घेतलेला घोट काही मिनिटांत आतड्यात पोचून रक्तातील मद्यार्काची पातळी लवकर आणि उंच चढते. स्टॅनफर्ड विद्यापीठात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच १९ रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी तांबड्या वाइनचा एकेक पेला देऊन श्वासावरून मोजणी केली, तेव्हा सर्वोच्च पातळी अनुक्रमे ०.०२४, ०.०५९ आणि ०.०८८ टक्के भरली आणि ती पूर्ण उतरण्यास लागणारा वेळही प्रत्येक वेळी वाढत गेला. भारतीय मोटार वाहन कायद्यात वाहनचालकासाठी १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, ही मर्यादा आहे. तिच्याशी ताडून पाहिल्यास शस्त्रक्रियेपूर्वी मर्यादेच्या आत राहणारा तोच एक पेला सहा महिन्यांनंतर मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट पातळी गाठतो, ही गोष्ट प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रियेआधी स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका लहान अभ्यासात, बायपास झालेल्या स्त्रियांनी दोन मापे घेतल्यावर त्यांच्या रक्तात शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रियांनी चार मापे घेतल्याइतका मद्यार्क आढळला.

स्लीव्हबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. आरंभीच्या काही मोजण्यांत फरक दिसला नव्हता. तथापि श्वासावरून केलेली मोजणी जलद चढणारी शिखरे कमी दाखवते असे पुढे लक्षात आले आणि २०१८ मधील रक्ताच्या थेट मोजणीत स्लीव्हनंतरची पातळीही बायपासइतकीच उंच आढळली. बँडमुळे शोषणात विशेष बदल होत असल्याचे मानले जात नाही.

प्रमाण : अमेरिकेतील दहा रुग्णालयांत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १,९४५ रुग्णांपैकी मद्यपान विकाराची लक्षणे शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षात ७.६, नंतरच्या पहिल्या वर्षात ७.३ आणि दुसऱ्या वर्षात ९.६ टक्क्यांत होती. या आकड्यांतील पहिल्या वर्षाची स्थिरता फसवी आहे, कारण रुग्णालयाकडून होणारी विचारपूस बहुधा याच वर्षात सर्वाधिक असते आणि धोका ती विरळ झाल्यानंतर डोके वर काढतो. त्याच पाहणीच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील टप्प्यात, पूर्वी लक्षणे नसलेल्यांपैकी पाच वर्षांत ती नव्याने उद्भवलेल्यांचे प्रमाण बायपासनंतर २०.८ आणि बँडनंतर ११.३ टक्के निघाले. स्वीडनमध्ये १९८७ पासून चालू असलेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० व्यक्तींची तुलना शस्त्रक्रिया न झालेल्या २,०३७ लठ्ठ व्यक्तींशी केली असता बायपासनंतर मद्याच्या दुरुपयोगाचे निदान होण्याची शक्यता जवळपास पाचपट आढळली. त्याच अभ्यासात बहुसंख्य रुग्णांचे मद्यपान कमी धोक्याच्या पातळीतच राहिले, हेही तितकेच नोंदवण्याजोगे आहे.

पुरुष, तरुण रुग्ण, धूम्रपान करणारे, शस्त्रक्रियेपूर्वी नियमित मद्यपान करणारे आणि ज्यांना आपली म्हणावी अशी माणसे कमी आहेत असे रुग्ण यांना धोका अधिक असतो. पूर्वी विकार असलेल्यांत तो पुन्हा उद्भवणे सहज कल्पनेत येते, परंतु दुसऱ्या वर्षी लक्षणे असलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक जणांत ती शस्त्रक्रियेपूर्वी नव्हती. त्यामुळे केवळ पूर्वेतिहास विचारून रुग्णाला धोक्याबाहेर मानणे योग्य नाही.

कारणमीमांसा : खाण्याची आसक्ती शस्त्रक्रियेने अडली की ती मद्याकडे वळते, हे ‘व्यसनाचे स्थलांतर’ म्हणून ओळखले जाणारे स्पष्टीकरण अमेरिकेत दूरचित्रवाणीमुळे लोकप्रिय झाले. ते पूर्णतः फेटाळता येत नसले, तरी त्याने बायपास आणि बँड यांतील तफावत उलगडत नाही, कारण खाणे दोन्हींत अडवले जाते आणि धोका मात्र बायपासमध्ये ठळकपणे वाढतो. केवळ जलद शोषणानेही सारे उलगडत नाही : बायपास केलेल्या उंदरांना मद्यार्क थेट शिरेतून मिळण्याची सोय केली, तेव्हाही त्यांनी तो अधिक घेतला. येथे जठराचा आणि शोषणाचा संबंधच उरत नसल्याने मेंदूतील सुखानुभूतीच्या यंत्रणेतही बदल होत असावा असे अनुमान निघते. घ्रेलिन या भूक चेतवणाऱ्या संप्रेरकाकडे काही संशोधक बोट दाखवतात. सर्व प्राणिप्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकाच दिशेने जात नाहीत. रुग्णाच्या स्वभावदोषावर सारा भार टाकणारी भाषा या पुराव्यापुढे टिकत नाही.

गुंतागुंत : उलट्या आणि अपुरे अन्न यांमुळे आधीच खालावलेले ब१ जीवनसत्त्व मद्यपानामुळे आणखी घटते आणि वेर्निके विकार, म्हणजे गोंधळ, तोल जाणे व डोळ्यांच्या हालचाली बिघडणे अशी लक्षणे असलेला मेंदूचा तातडीचा विकार, उद्भवू शकतो. नव्याने जडलेली मद्यासक्ती अनेकदा कुटुंबाच्याही उशिरा लक्षात येते, कारण एकूण पेयाचे माप थोडेच असते. एका ग्रॅम मद्यार्कातून सात किलोकॅलरी मिळत असल्याने घटलेले वजन परत वाढण्यासही मद्यपान कारण ठरते.

प्रतिबंध व उपचार : अमेरिकेतील लठ्ठपणा-शस्त्रक्रिया संघटनेच्या २०१६ च्या भूमिकेनुसार शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी आणि समुपदेशन व्हावे आणि अधिक धोका असलेल्यांनी मद्य वर्ज्य करावे. बायपासनंतर तोंडावाटे घेतलेल्या औषधांचे शोषणही बदलू शकते, हे उपचार योजताना ध्यानात घ्यावे लागते.

भारतात स्लीव्ह हा प्रकार मोठ्या प्रमाणावर केला जातो, म्हणून त्याविषयीचा वाद येथे विशेष महत्त्वाचा आहे. शिवाय अभ्यासांतील मापे येथील पेगशी थेट जुळत नाहीत : ‘एक माप’ अमेरिकेत १४ ग्रॅम मद्यार्काचे असते; ४२.८ टक्के तीव्रतेच्या देशी बनावटीच्या विदेशी मद्याच्या ३० मिलीलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम आणि ६० मिलीलिटरच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो.