उन्हाळी, मधुमेह आणि पिंपरीचे पेनिसिलिन: एका दुर्लक्षित लढाईचा इतिहास

१/ १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. भाताची खाचरे आणि घरेदारे पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट ही नावे त्या लढ्यामुळे इतिहासात राहिली. त्याच वर्षी त्याच खोऱ्यात मधुमेहाने खंगलेल्या एखाद्या माणसाला उन्हाळी लागली असती, तर त्याला वाचवण्यासाठी वैद्याच्या वा डॉक्टरच्या हाती काय होते?

२/ उत्तर थोडक्यात असे: फारच थोडे. उन्हाळी म्हणजे लघवीची आग आणि थेंबथेंब होणारी वेदनामय लघवी. आयुर्वेदाने तिला मूत्रकृच्छ्र म्हटले. धने-जिऱ्याचे पाणी, सराट्याचा काढा, वाळा हे मराठी घरांतले उपाय. त्यांनी आग शमे, लघवी मोकळी होई. सशक्त माणूस पुष्कळदा आपल्या शरीराच्या बळावर बराही होई. अशक्ताचे तसे नव्हते.

३/ मधुमेह आणि संसर्ग यांचे नाते जुन्यांना दिसले होते. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाच्या रोग्याला होणाऱ्या ‘प्रमेहपिडकां’चे, म्हणजे काळपुळीसारख्या फोडांचे, स्वतंत्र वर्णन आहे. गोड लघवीच्या रोग्याचे शरीर पू धरते, हे निरीक्षण त्यांनी नोंदवले. कारण सांगण्यासाठी लागणारे सूक्ष्मदर्शक आणि जंतुशास्त्र यायला मात्र अनेक शतके जायची होती.

४/ लोकमान्य टिळकांना कित्येक वर्षे मधुमेह होता. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात ते गेले, ते न्यूमोनियाने. इन्शुलिनचा शोध टोरांटोत लागला १९२१ साली आणि पहिल्या रुग्णाला ते टोचले गेले जानेवारी १९२२ मध्ये. त्यापूर्वी मधुमेही माणसाला जडलेला कोणताही संसर्ग, फुप्फुसाचा असो वा मूत्रमार्गाचा, वैद्यकाला हतबल करणारा होता.

५/ शत्रूची ओळख तोवर पटली होती. १८८५ साली थिओडोर एशेरिश यांनी तान्ह्या मुलांच्या आतड्यातील एका जंतूचे वर्णन केले. पुढे तो त्यांच्याच नावाने ओळखला गेला: एशेरिकिया कोलाय, म्हणजे ई. कोलाय. आतड्यात तो बहुधा निरुपद्रवी असतो. तेथून निघून मूत्रमार्गात शिरला की उपद्रव सुरू होतो. मूत्रमार्गाच्या बहुसंख्य संसर्गांमागे हाच जंतू असतो.

६/ निरोगी शरीर त्याला चार मार्गांनी अडवते. लघवीचा प्रवाह जंतूंना धुऊन काढतो. मूत्राशय पुरते रिकामे होते. आतले अस्तर त्यांना चिकटू देत नाही. पांढऱ्या पेशी उरलेल्यांचा फडशा पाडतात. दीर्घ मधुमेहात मज्जातंतू बिघडून मूत्राशय अर्धवट रिकामे होते, त्या साचलेल्या लघवीत साखर असते आणि पांढऱ्या पेशी मंदावतात. एकाच वेळी अनेक तटांना भगदाड पडते.

७/ याहून घातक गोष्ट अशी की, दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसात धोक्याची घंटाही नीट वाजत नाही. आग, ताप, कळ ही शरीराने केलेल्या प्रतिकाराची चिन्हे आहेत. प्रतिकारच क्षीण असेल तर चिन्हेही क्षीण होतात. कधी केवळ थकवा, मळमळ, वृद्धांत एकाएकी आलेला भ्रम, किंवा अकारण चढलेली साखर एवढेच दिसते. तोवर जंतू मूत्रपिंडात, क्वचित रक्तातही पोचलेला असतो.

८/ औषधांचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होतो. मेथेनामाइन हे द्रव्य आम्लधर्मी लघवीत फुटून जंतुनाशक फॉर्मल्डिहाइड सोडते. ते पहिल्या उपयुक्त मूत्र-जंतुनाशकांपैकी एक ठरले. १९३५ साली गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिलचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि सल्फा औषधांचे युग आले. मूत्रमार्गाच्या संसर्गावर प्रथमच खात्रीचा उपाय मिळाल्यासारखे वाटले.

९/ मग पेनिसिलिन आले. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते टोचले गेले. औषध इतके दुर्मीळ होते की, त्याच्या लघवीतून ते पुन्हा गाळून काढून त्यालाच देण्यात आले. कारण पेनिसिलिन काही तासांतच लघवीवाटे बाहेर पडते. साठा संपला आणि सुधारत असलेला तो रुग्ण दगावला. औषध अर्ध्यावर थांबले की जंतू परततो, हा धडा पहिल्याच रुग्णाने दिला.

१०/ पण त्याआधीच, डिसेंबर १९४० मध्ये, ऑक्सफर्डच्याच एडवर्ड एब्रहॅम आणि अर्न्स्ट चेन यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले होते. पेनिसिलिनचा नाश करणारे एक विकर त्यांना जंतूंतच सापडले होते. कोणत्या जंतूत? त्याच ई. कोलायमध्ये. औषध बाजारात येण्यापूर्वीच त्याचा तोडगा मूत्रमार्गाच्या या जुन्या शत्रूपाशी तयार होता.

११/ आता पुन्हा मुळशीकडे. आज तालुक्याच्या पूर्व शिवेला हिंजवडीपाशी पिंपरी-चिंचवड शहर येऊन भिडले आहे. त्याच पिंपरीत १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. परदेशी कंपन्यांच्या किमतींवर अवलंबून असलेल्या नव्या देशाला हे औषध स्वतःच्या भूमीत मिळाले.

१२/ कारखान्यात संशोधनही होत होते. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचे नाव असे जीवशास्त्राच्या शब्दकोशात गेले. उन्हाळीच्या रोग्याला मात्र पिंपरीच्या साध्या पेनिसिलिनचा उपयोग बेताचाच होता, ई. कोलाय त्याला फारसा दाद देत नसे.

१३/ १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये अँपिसिलिन आले आणि ई. कोलायही हटला. पण लवकरच, १९६० च्या दशकातच, अथेन्समधील एका रुग्णाच्या ई. कोलायमध्ये अँपिसिलिन फोडणारे विकर आढळले. त्याची जनुके एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होती. औषध, तोडगा, नवे औषध, नवा तोडगा, हे चक्र तेव्हापासून थांबलेले नाही.

१४/ याच दशकात दुबळ्या प्रतिकारशक्तीचा एक नवा वर्ग निर्माण झाला, तोही वैद्यकाच्या यशातून. १९६५ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातील मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न झाला. परके मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दडपावी लागते. प्रत्यारोपणानंतर सर्वाधिक आढळणारा जंतुसंसर्ग कोणता? मूत्रमार्गाचाच.

१५/ रोगनिदानाचा मापदंडही याच सुमारास ठरला. १९५६ साली बोस्टनच्या एडवर्ड कास यांनी लघवीच्या १ मिलिलिटरमध्ये १,००,००० जंतू ही सीमारेषा मांडली. तिचा गैरवापरही झाला: लक्षण नसतानाही केवळ अहवालातला आकडा पाहून औषधे दिली गेली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने दाखवले की, लक्षणे नसलेल्या मधुमेही स्त्रियांना असे प्रतिजैविक देऊन लाभ होत नाही. गर्भारपणासारखे अपवाद वेगळे.

१६/ जानेवारी २००८. भारतात रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या मधुमेही रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला जंतू सापडला. अखेरची मानली जाणारी कार्बापेनेम औषधेही त्याचे विकर फोडत होते. त्या विकराला ‘एनडीएम-१’ नाव मिळाले. नावातील दिल्लीवरून भारतात वादंग माजला. त्या गदारोळात मूळ मुद्दा मागे पडला. १९४० च्या टिपणातला इशारा एका मधुमेह्याच्या लघवीत खरा ठरला होता.

१७/ या इतिहासातून आजची उपचारपद्धती घडली आहे. प्रतिकारशक्ती दुबळी असेल तर शक्यतो प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी लघवीचे कल्चर, प्रकृती गंभीर असल्यास अहवालाची वाट न पाहता उपचाराचा आरंभ, अहवालानंतर औषधाची फेरनिवड, गरजेप्रमाणे सोनोग्राफी, खडा वा अडथळा असल्यास तो दूर करणे, अनावश्यक कॅथेटर काढणे आणि साखर आटोक्यात आणणे. प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणे मात्र प्राणावर बेतू शकते.

१८/ भारत सरकारने २०१३ साली ‘एच-१’ ही अनुसूची आणली. १ मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषध विक्रेत्यांना बंधनकारक झाले. महाराष्ट्रातील वोक्हार्ट कंपनीने सेफेपिम-झिडेबॅक्टॅम हे नवे संयुक्त औषध विकसित केले, आणि त्याची तिसऱ्या टप्प्याची चाचणी गुंतागुंतीच्या मूत्रमार्ग संसर्गावरच झाली. पिंपरीचा सरकारी कारखाना मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस तोट्यात रुतला.

१९/ १९२१ च्या मुळशीतील त्या माणसापाशी औषध नव्हते. आज त्याच्या पणतूपाशी इन्शुलिन आहे, प्रतिजैविके आहेत, प्रयोगशाळा आहे. पण प्रतिजैविक एकट्याने लढत नाही. ते जंतूंची संख्या घटवते, उरलेले काम शरीराच्या पेशी करतात. जिथे त्या पेशीच थकल्या आहेत तिथे औषधाची निवड चुकवून चालत नाही. सशक्त माणूस चुकीच्या गोळीतूनही कदाचित निभावतो. दुबळ्याला तेवढी सवलत नसते, म्हणून मेडिकलमधून मागची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणण्याआधी लघवीची बाटली प्रयोगशाळेत पोचायला हवी.