वाजंत्र्यांची बिदागी : बलुत्यापासून सुपारीपर्यंत



मंगलकार्य म्हटले की सनई आलीच. परंतु ती वाजविणाऱ्यास काय मिळत होते व काय मिळते, याचा विचार आपल्या गुरव समाजातही क्वचितच होतो. म्हणून हा अल्प प्रयत्न.

गावगाड्यात गुरव हा बारा बलुतेदारांपैकी एक. ग्रामदेवतेची पूजा, बेलफूल, पत्रावळी आणि अनेक ठिकाणी वाद्यसेवा ही त्याची कामे. मोबदला म्हणून खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे सविस्तर वर्णन आहे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाणारे आजही भेटतात. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. सुगी बुडाली की बलुतेही बुडे, आणि पिढीजात हक्क हेच पिढीजात बंधनही होते. मातंग व होलार वाजंत्र्यांच्या कपाळी तर त्यावर अस्पृश्यतेचा जाचही होता.

दुसरा आश्रय दरबाराचा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील नगारखाना 1828 च्या आगीतून वाचून अद्याप उभा आहे. पेशव्यांचा आश्रय मात्र 1818 मध्येच संपला होता. पुढे संस्थानांनी कलावंतांस जवळ केले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत 1886 साली मौलाबक्ष यांची गायनशाळा निघाली. 1949 मध्ये कोल्हापूर व बडोदे ही संस्थाने विलीन झाली आणि तोही राजाश्रय सरला. 1953 साली मुंबई राज्याने समाजोपयोगी सेवा इनामे रद्द करण्याचा कायदा केला. धान्य गेले, वेतन गेले. उरली ती रोख बिदागी.

आता सर्व व्यवहार सुपारीवर. सुपारी म्हणजे तोंडी करार व थोडा विसार. कागद बहुधा नसतोच. लग्नाच्या तिथी मोजक्या. एका तिथीस दोन ठिकाणी वाजविता येत नाही. म्हणून यजमानाने ऐनवेळी कार्य पुढे ढकलले की तो दिवस वाजंत्र्याच्या हातून कायमचा जातो. मार्च 2020 च्या टाळेबंदीत तर अख्खी लग्नसराईच गेली. शिवाय यजमान हिशेब करतो तो वाजविण्याच्या तासांचा. पहाटेचा प्रवास, वरातीची वाट पाहत उभे राहणे, वाद्यांची डागडुजी, रोजचा रियाज हे कोणत्या खात्यात धरावयाचे?

सर्वांत वाईट चाल ओवाळणीची. वरातीत पाहुणे खूष होऊन नोटा ओवाळतात. ती बक्षिसी आहे, बिदागी नव्हे. पण काही यजमान शेवटी ‘तुम्हांला वरचे मिळालेच की’ म्हणून ठरलेल्या रकमेतून कापून घेतात. आपल्याच ज्ञातीतील एका सुखवस्तु घरच्या कार्यात हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. त्याच यजमानाने मंडपवाल्याचे व आचाऱ्याचे बिल एका शब्दाने न घासता चुकते केले होते!

ताफ्याच्या आतही पाहावयास हवे. मुख्य सनईवाल्याचा वाटा मोठा, हे रास्तच. पण त्याच्या मागे बसून सूर धरणारा, जो गाल फुगवून नाकाने श्वास घेत तासन्‌तास स्वर तुटू देत नाही, त्याचा वाटा बहुधा सर्वांत लहान. बिदागीची रक्कम व वाटणी सुपारी घेतानाच साध्या वहीत लिहून दोन्ही पक्षांनी सही केली, तर ओवाळणीचा वादही उद्भवणार नाही आणि सूर धरणाऱ्यास आपला वाटा मागण्याकरिता कार्य संपल्यावर मंडपाच्या दाराशी ताटकळावे लागणार नाही.