विमा, संगणक आणि जालन्याचे शिवार

१/ भारतीय विमा क्षेत्रात संगणक आला तो वाद घेऊनच. त्या वादाच्या मध्यभागी असलेल्या एका मराठी अर्थतज्ज्ञाचे नाव पुढे जालन्याच्या कपाशीशीही जोडले गेले. #थ्रेड

२/ १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा कंपन्या व संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. जालना तेव्हा हैदराबाद राज्यात होते. पॉलिसींचे हप्ते, कर्जे, बोनस यांचा सारा हिशेब कारकुनांच्या हातून होई.

३/ साठच्या दशकात महामंडळाने संगणक आणायचे ठरवताच कर्मचाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला : आमच्या नोकऱ्यांचे काय? कलकत्त्यात यंत्र बसू नये म्हणून इलाको हाऊसवर त्यांनी रात्रंदिवस पहारा दिला.

४/ केंद्र सरकारने स्वयंचलनावर समिती नेमली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. अहवाल १९७२ मध्ये आला.

५/ याच दांडेकरांनी १९७६ मध्ये पीकविम्याची मांडणी केली. प्रत्येक शेताची पाहणी अशक्य. म्हणून संपूर्ण क्षेत्राचे सरासरी उत्पन्न मोजावे, ते ठरावीक पातळीखाली गेले तर तेथील सर्व विमाधारकांना भरपाई द्यावी. १९८५ मध्ये सर्वंकष पीकविमा योजना याच तत्त्वावर सुरू झाली.

६/ १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. कपाशी-सोयाबीनच्या या जिल्ह्यात २०१६ च्या पंतप्रधान पीकविमा योजनेने संगणक गावात आणला. सातबारा, आधार, बँक खाते पोर्टलवर चढवणारा सेवा केंद्रचालक हाही विम्याचाच नवा तंत्रकामगार; अर्जामागे त्याला विमा कंपनीकडून ४० रुपये.

७/ २०२३ च्या खरिपात राज्यात विमा एक रुपयात मिळू लागला. २०२५ मध्ये ती सवलत संपली आणि भरपाई पुन्हा पीक कापणी प्रयोगावर आली, म्हणजे दांडेकरांच्या सरासरीवर.

८/ या सरासरीची मर्यादाही जुनीच आहे. एकाच शिवारात गारपीट झाली आणि महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न चांगले निघाले, तर त्या शिवाराला काहीच मिळत नाही.

९/ साठच्या दशकात प्रश्न होता, यंत्र कोणाचे काम घेणार. आज प्रोग्रामर आहेत, उपग्रहचित्रांचे विश्लेषक आहेत. तरी जालन्यातला प्रश्न वेगळा आहे : यंत्रात जाणारा आकडा कोणाच्या शेतातून आला?

(समाप्त)