डिंकाचा लाडू नेमका कुणाच्या सांध्यांसाठी?

दोन वर्षांपूर्वी थंडीत सोलापूरला घरी गेले होते, तेव्हा शेजारच्या अक्का भेटल्या. आयुष्यभर विड्या वळलेला हात. म्हणाल्या, सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं मिटतच नाहीत, दोन्ही हातांची. मी विचारलं, "डॉक्टरांना दाखवलं का?" तर म्हणाल्या, "लाडू खातेय की रोज. थंडी सरली की उतरंल." डिंक, खारीक, खोबरं, तूप असं सगळं साग्रसंगीत. शिवाय कुणीतरी दिलेली 'नैसर्गिक' पूड, जिच्या पुडीवर नावही नव्हतं.

यंदा गेले तेव्हा निदान झालं होतं: रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. गोळ्या सुरू आहेत, सूज उतरलीय. पण वाकलेली बोटं काही सरळ होणार नाहीत.

माझं संशोधन वैद्यकाच्या इतिहासावर आहे म्हटल्यावर लोक हमखास विचारतात, "जुन्या ग्रंथांत सांधेदुखीवर काय खायला सांगितलंय?" खरं सांगायचं तर गडबड या प्रश्नातच आहे. कारण जुन्या ग्रंथांत 'सांधेदुखी' नावाचा एकच आजार नाहीच.

चरकसंहितेत वाताच्या विकारांमध्ये सांध्यात शिरलेल्या वाताचं वर्णन येतं: सांधा हवा भरलेल्या पिशवीसारखा लागतो, वाकवताना-सरळ करताना दुखतो. अशा वातावरचा उपाय म्हणजे स्नेहन. तेल चोळा, तूप खा, शेक घ्या. आपल्या घरातला डिंकाचा लाडू याच विचाराच्या जवळचा.

मग साधारण सातव्या-आठव्या शतकात माधवकर नावाचा वैद्य 'माधवनिदान' लिहितो. रोग ओळखायचे कसे, एवढ्याच विषयाला वाहिलेला हा ग्रंथ. त्यात 'आमवात' या आजाराला स्वतंत्र प्रकरण मिळालं. आम म्हणजे नीट न पचलेल्या अन्नाचा रस. माधवकराचं म्हणणं असं की, दुखणं सांध्यात दिसलं तरी त्याची सुरुवात पोटात होते. अंग जड होतं, ताप येतो, भूक जाते, हातापायांचे सांधे सुजतात आणि विंचू चावल्यासारख्या वेदना होतात.

इथून उपचारांचे रस्तेच वेगळे झाले. अकराव्या शतकात बंगालमधल्या चक्रपाणिदत्ताने आमवातासाठी सांगितलेल्या उपायांत आधी येतं लंघन, म्हणजे पोट हलकं ठेवणं. मग शेक, कडू-तिखट पाचक द्रव्यं आणि रेच. सुंठीच्या काढ्यात एरंडेल हा त्यातलाच प्रसिद्ध उपाय. थोडक्यात, एका दुखण्यात तूप खायचं आणि दुसऱ्यात आधी पोट हलकं करायचं. म्हणजे अक्कांचा तुपातला लाडू आधुनिक डॉक्टरच्या हिशेबात औषध नव्हताच, पण माधवकराच्या हिशेबातही तो चुकीच्या दुखण्याला चालला होता.

इथे एक सावधगिरी. 'आमवात म्हणजेच रुमॅटॉइड आर्थ्रायटिस' असं सरळ समीकरण इतिहासाच्या अभ्यासकाला मांडता येत नाही. दोन्हींमागची शरीराची कल्पनाच वेगळी आहे. पण कृती सारखी आहे. लंडनच्या आल्फ्रेड गॅरडने 1859 मध्ये हे इंग्रजी नाव सुचवलं, तेही 'गाऊट'पासून हा आजार वेगळा काढण्यासाठी. दोघांनीही एका ढिगाचे दोन ढीग केले.

मग हे ढीग पुन्हा एक कुणी केले? मोठा वाटा बाजाराचा. अमेरिकेत 1994 च्या कायद्याने पूरक आहाराची विक्री सोपी झाली आणि ग्लुकोसामाइनच्या गोळ्या घराघरांत पोचल्या. बाटलीवर एकच शब्द: 'जॉइंट'. तिथेच गुडघेदुखीच्या 1,583 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष 2006 मध्ये आले. एकूण रुग्णांत ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन हे खोट्या गोळीपेक्षा ठोसपणे सरस ठरले नाहीत. गंमत म्हणजे खोटी गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे 60 टक्क्यांना बरं वाटलं. 'मला गुण आला' हे वाक्य इतकं का ऐकू येतं, ते यावरून कळतं.

आता आपल्या वाटेवरचं उदाहरण. सोलापूरहून पुण्याला जाताना उजनीच्या पाण्याजवळ भिगवण लागतं. तिथे 1996 मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने घरोघरी पाहणी केली. 4,092 प्रौढांपैकी 18.2 टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं दुखणं होतं. रुमॅटॉइड मात्र साधारण अर्ध्या टक्क्याला. म्हणजे दुखतंय म्हणणाऱ्या शंभरांत जेमतेम तिघं. शेजारणीचा सल्ला सत्त्याण्णव जणांना फारसा नडत नाही. तिघांचं नुकसान करतो. अक्का त्या तिघांतल्या.

याच डॉ. चोप्रांनी पुढे आयुर्वेदिक औषधांच्याही रीतसर चाचण्या घेतल्या. गुडघ्याची झीज झालेल्या 440 रुग्णांवरच्या चाचणीत (2013) सुंठ, गुळवेल वगैरेंची औषधं 24 आठवड्यांत नेहमीच्या वेदनाशामक गोळीच्या बरोबरीची ठरली. मात्र काहींच्या रक्तात यकृताला त्रास होत असल्याची खूण दिसली, आणि त्यांचं औषध थांबवावं लागलं. 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी नव्हे, ते असं. त्याआधी 2000 साली रुमॅटॉइडच्या 182 रुग्णांवर अश्वगंधा, शल्लकी, सुंठ आणि हळद यांच्या औषधाची चाचणी झाली होती. त्यात खोट्या गोळीशी तुलना करता बहुतेक मोजमापांत ठळक फरक दिसला नाही. ढीग वेगळा, उत्तरही वेगळं.

मग खायचं काय? भाकरी, जवसाची चटणी, हळद-सुंठ खुशाल खा. गुडघ्याच्या झिजेबाबत सगळ्यात भक्कम पुरावा मात्र वजनाचा आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या अभ्यासात (1992) सुमारे 5 किलो वजन उतरलेल्या बायकांमध्ये गुडघेदुखीचा धोका निम्म्याने कमी दिसला. आणि बेनामी पुड्या नकोच. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

लाडू पुढे करण्याआधी फक्त एक प्रश्न विचारा: "सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो?" झिजेचा सांधा बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. त्याहून जास्त वेळ लागत असेल आणि बोटांचे सांधे सुजलेले असतील, तर लवकर डॉक्टर गाठायचा. मी अक्कांना हे तेव्हाच विचारायला हवं होतं. खरं तर उत्तर त्यांनी न विचारताच दिलं होतं. तास-दीड तास.