पाणी आलं कुठून?

इंजिनाची ताकद गेली की सगळे इंजिनाकडे धावतात. ‘ब्रेअर’ या तेलवाहू जहाजाचं दुखणं मात्र डेकवर लोळत होतं.

३ जानेवारी १९९३
नॉर्वेतल्या मोंगस्टाडहून ‘ब्रेअर’ कॅनडातल्या क्वेबेककडे निघालं. पोटात सुमारे ८५,००० टन कच्चं तेल, समोर हिवाळी वादळ.

४ जानेवारी
डेकवर बांधलेले जादा पोलादी पाइप सुटले आणि लाटांसरशी डिझेल टाक्यांच्या हवानळ्यांवर आपटू लागले. टाकीतलं डिझेल कमी होईल तशी आत हवा जावी लागते, म्हणून ही नळी डेकच्या वर काढलेली असते. ती मोडली की हवेच्या वाटेनं समुद्र आत शिरतो. पाइप सुटलेले दिसले होते. पण ते पुन्हा बांधले गेले नाहीत.

४ जानेवारीची रात्र
बॉयलर पेटेना. त्याच्या डिझेलमध्ये पाणी सापडलं. बॉयलरची वाफ नाही, तर मुख्य इंजिनाचं जड तेल तापत नाही. न तापलेलं तेल दाट राहतं, त्याचा फवारा होत नाही. म्हणून इंजिन डिझेलवर घेतलं. म्हणजे त्याच दूषित इंधनावर! पाणी डिझेलपेक्षा जड, शांत टाकीत तळाशी बसतं आणि काढून टाकता येतं. हेलकावणाऱ्या जहाजात त्याला बसायला उसंतच मिळत नाही. खाली पाणी काढणं चालू होतं. वर ते येण्याची वाट उघडीच होती.

५ जानेवारी, पहाटे ४.४० : खडकांवर आदळायला उरले ६ तास ३९ मिनिटं
इंजिन थांबलं, जनरेटरही थांबला. शेटलंड बेटांचं संबरो हेड हे टोक सुमारे दहा मैलांवर, आणि नैर्ऋत्येचा वारा जहाजाला तिकडेच ढकलत होता.

५.१९ : उरले ६ तास
तटरक्षकांना खबर मिळाली. इंजिन बंद पडल्याला ३९ मिनिटं होऊन गेली होती.

८.५४ : उरले २ तास २५ मिनिटं
हेलिकॉप्टरांनी सर्व ३४ जणांना सुखरूप उचललं. जहाज आता निर्मनुष्य होतं. स्थानिक प्रवाहानं ते हॉर्स आयलंड चुकवून क्वेंडेल उपसागराकडे सरकलं. ‘स्टार सिरियस’ ही नौका पोहोचली, काही माणसं पुन्हा जहाजावर उतरवली गेली. पण ओढायचा दोर काही केल्या बांधता आला नाही.

११.१९
गार्थ्स नेसच्या खडकांवर ‘ब्रेअर’ रुतलं. धडकेच्या क्षणापासून तेल समुद्रात वाहू लागलं.

नंतर
आठवडाभरात जहाज तुटलं. तेल हलकं होतं आणि वादळानं ते घुसळून टाकलं, तरी शेटलंडच्या मासेमारीवर बंदी आली. लॉर्ड डोनाल्डसन यांच्या चौकशीनंतर ब्रिटननं किनाऱ्यावर जहाजं ओढणारे तातडीचे टग ठेवले.

टग हवेतच. पण ही आपत्ती टळण्याची खरी वेळ ४ जानेवारीची होती. छोट्या होडीच्या डिझेल इंजिनाचीही गत हीच. दम कमी पडला आणि फिल्टरच्या वाटीत पाणी दिसलं, तर ते काढाच. पण तेवढ्यावर थांबू नका. वर जा. टाकीचं झाकण घट्ट आहे का, हवानळी शाबूत आहे का, तिच्या तोंडाशी लाट पोहोचते का, ते बघा. आणि हे बघायचं ते इंजिन अजून चालू असताना.